उत्पादन वनांतील मृदेची पालाश पातळी : चांदवड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाराष्ट्रातील बेसाल्टजन्य मृदा पालाशाच्या बाबतीत समृद्ध आहेत, असे कृषिविषयक लेखनात सर्वसाधारणपणे मानले जाते. हे विधान खोल काळ्या शेतजमिनीच्या संदर्भात बऱ्याच अंशी खरे असले, तरी डोंगरउतारावरील वनजमिनीस ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. प्रस्तुत लेखात उत्पादन वनांतील मृदेमध्ये पालाशाची निरोगी पातळी कशास म्हणावे, ती कशी मोजावी व ती कोणत्या कारणांनी घटते, याचे विवेचन नाशिक जिल्ह्यातील चांदवड परिसर डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. मृदा परीक्षण अहवालातील एकच आकडा पुरेसा नसून मातीची खोली, दगडगोट्यांचे प्रमाण, धन आयन विनिमय क्षमता, राखीव साठा आणि दरवर्षीची आवक-जावक यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : उत्पादन वन, पालाश, पोटॅशियम, बेसाल्ट, सातमाळा, निलगिरी, साग, पाचोळा, मृदा परीक्षण.

१. प्रस्तावना

चांदवड हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण मुंबई-आग्रा महामार्गावर, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले आहे. धोडप, राजदेहेर, इंद्राई आणि चांदवड हे किल्ले याच रांगेत असून ती उत्तरेकडील गिरणा खोरे व दक्षिणेकडील गोदावरी खोरे यांच्यामधील जलविभाजक आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस कमी व अनिश्चित असतो. डोंगरमाथ्यावर उघडा कातळ, उतारावर मुरूम व दगडगोटे मिसळलेली उथळ माती आणि पायथ्याशी मध्यम ते खोल काळी जमीन, असा क्रम थोड्याच अंतरात दिसून येतो. पायथ्याच्या जमिनीवर कांदा, मका, बाजरी ही पिके घेतली जातात. उतारावर शुष्क पानझडी व काटेरी स्वरूपाचे विरळ वन आढळते.

या उतारांवर वन विभाग, ग्रामपंचायती, संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आणि महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना पथके यांच्यामार्फत वृक्षलागवड होत असते. लागवडीपूर्वी प्रजातींची निवड, पाण्याची सोय व कुंपण यांचा विचार होतो. मातीचा विचार झालाच, तर तो सामू आणि सेंद्रिय कर्ब यांपुरता मर्यादित राहतो. पालाशाविषयी ‘आपल्याकडे पालाश भरपूर आहे’ या एका वाक्यावर विषय संपतो. हे वाक्य उतारावरील वनजमिनीच्या बाबतीत कितपत ग्राह्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व स्वरूप

१. वृक्षांच्या वाढीतील पोटॅशियमचे कार्य व मृदेतील त्याची रूपे स्पष्ट करणे.
२. शेतीसाठी ठरविलेले पालाशाचे निकष वनमृदेस लावताना येणाऱ्या मर्यादा दाखविणे.
३. उत्पादन वनातील पालाशाच्या आवक-जावकेचा ताळेबंद मांडणे.
४. चांदवडसारख्या उथळ मृदेच्या परिसरासाठी व्यवहार्य निकष सुचविणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. ‘समजा’ असे म्हणून दिलेले आकडे हिशेबाची रीत स्पष्ट करण्यासाठी घेतलेले आहेत. ते एखाद्या विशिष्ट क्षेत्राच्या परीक्षणाचे निष्कर्ष नव्हेत. तसेच ‘पोटॅशियम’ ही संज्ञा मूलद्रव्यासाठी वापरली असून ‘पालाश’ हा शब्द रूढ, व्यापक अर्थाने योजिला आहे. खतांच्या पिशवीवरील पालाशाचे प्रमाण ऑक्साइडच्या रूपात दिलेले असते. त्यास ०.८३ ने गुणले असता मूलद्रव्याचे प्रमाण मिळते. तुलना करताना हा फरक ध्यानात न घेतल्यास हिशेबात सुमारे एक पंचमांश चूक होते.

३. ‘उत्पादन वन’ ही संकल्पना

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ च्या आपल्या अंतरिम अहवालात उत्पादन वानिकीचा पुरस्कार केला आणि त्यासाठी राज्यांनी वन विकास महामंडळे स्थापन करावीत असे सुचविले. त्यानुसार महाराष्ट्र वन विकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले. सागाची लागवड हे त्याचे प्रमुख कार्य राहिले. पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वन नीतीने उत्पादनापेक्षा पर्यावरणीय समतोलास अग्रक्रम दिला. तथापि इमारती लाकूड, बल्ल्या, लगद्याचे लाकूड व जळण यांची गरज संपली नाही. ती बऱ्याच अंशी शेतजमिनीवरील वनशेतीकडे वळली.

प्रस्तुत लेखात उत्पादन वन ही संज्ञा व्यापक अर्थाने घेतली आहे. जेथून लाकूड, जळण, पाला वा चारा नियमितपणे बाहेर नेला जातो, असे कोणतेही वृक्षाच्छादित क्षेत्र मातीच्या दृष्टीने उत्पादन वनच होय. मग कागदोपत्री त्याची नोंद कशीही असो. या अर्थाने चांदवडच्या उतारावरील विरळ वनही, जेथून मोळ्या व चारा जातो तेथे, उत्पादन वन ठरते.

४. पोटॅशियमचे कार्य आणि मृदेतील त्याची रूपे

नत्र व स्फुरद यांच्याप्रमाणे पोटॅशियम वनस्पतीच्या सेंद्रिय संयुगांचा घटक बनत नाही. ते पेशीरसात आयनरूपाने राहते. पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींमध्ये पोटॅशियम शिरले की त्या फुगतात व रंध्र उघडते. ते बाहेर पडले की रंध्र मिटते. अशा रीतीने झाडाच्या पाण्याच्या खर्चावर नियंत्रण ठेवण्यात त्याचा वाटा महत्त्वाचा आहे. अनेक विकरांचे कार्य आणि पानांत तयार झालेल्या शर्करेचे खोड व मुळांकडे होणारे वहनही पोटॅशियमवर अवलंबून असते. कमतरता भासल्यास झाड जुन्या पानांतील पोटॅशियम नव्या पानांकडे वळवते. त्यामुळे लक्षणे प्रथम जुन्या पानांच्या कडांवर, पिवळेपणा व करपा या स्वरूपात दिसतात. अवर्षणप्रवण भागात ही लक्षणे पाण्याच्या ताणाची समजली जाण्याचा संभव असतो.

सेंद्रिय संयुगात बद्ध नसल्यामुळे पोटॅशियम पानांतून पावसाच्या पाण्याबरोबर सहज धुऊन निघते. नत्र व कॅल्शियम हे मुख्यतः पाचोळा कुजल्यावर मातीस परत मिळतात. पोटॅशियमचा मोठा भाग मात्र पर्णसंभारावरून ठिबकणाऱ्या पाण्यातूनच परत येतो. वनातील पालाशाचे चक्र त्यामुळे वेगवान असते. खालची माती व मुळे ते पकडून ठेवण्यास समर्थ नसतील, तर ते तितक्याच वेगाने नष्टही होते.

मृदेत पोटॅशियम चार रूपांत असते. पहिले, मृदाजलात विरघळलेले. हे अत्यल्प परंतु मुळांना तत्काळ मिळणारे असते. दुसरे, चिकणमाती व सेंद्रिय पदार्थांच्या कणांवर धरून ठेवलेले विनिमयक्षम पोटॅशियम. प्रयोगशाळेत उदासीन अमोनियम ॲसिटेटने मातीतून काढून फ्लेम फोटोमीटरवर मोजले जाणारे ‘उपलब्ध पालाश’ म्हणजे ही दोन रूपे होत. तिसरे, खनिजांच्या थरांमध्ये अडकलेले स्थिर पोटॅशियम, जे सावकाश मोकळे होते. चौथे, अभ्रक व फेल्डस्पार यांसारख्या खनिजांत बद्ध असलेले पोटॅशियम. ते खडकाच्या विदारणानेच उपलब्ध होते. एका हंगामाच्या पिकास पहिली दोन रूपे महत्त्वाची वाटतात. साठ वर्षे उभ्या राहणाऱ्या सागास तिसरे व चौथे रूपही तितकेच निर्णायक ठरते.

५. बेसाल्ट खडक आणि पालाशाची समृद्धी

दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांपासून बनलेला आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांनी तो समृद्ध असला, तरी पोटॅशियमच्या बाबतीत तो गरीब आहे. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम ऑक्साइडचे प्रमाण साधारणतः चार ते पाच टक्के असते, तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. मग काळ्या जमिनीच्या अहवालात उपलब्ध पालाश जास्त का आढळते, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

याचे उत्तर खडकात नसून चिकणमातीत आहे. बेसाल्टच्या विदारणातून स्मेक्टाइट या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या खनिजाची चिकणमाती तयार होते. तिची धन आयन विनिमय क्षमता मोठी असल्यामुळे पोटॅशियमचे आयन कणांवर धरले जातात व सहजासहजी वाहून जात नाहीत. थोडक्यात, काळ्या जमिनीची पालाश-समृद्धी ही साठवणुकीची समृद्धी आहे, उगमाची नव्हे. जेथे चिकणमातीचा थर जाड आहे तेथे साठा मोठा; जेथे धुपीमुळे तो थर निघून गेला आहे, तेथे मूळचा गरीब खडकच हाती उरतो. चांदवडच्या पायथ्याची जमीन पहिल्या प्रकारची, तर सातमाळ्याचा उतार दुसऱ्या प्रकारचा आहे. हजारो वर्षांच्या धुपीत उतारावरील बारीक माती खाली आली आणि तिच्यासमवेत पालाशही खाली आले.

६. अहवालातील आकडा आणि जमिनीतील साठा

महाराष्ट्रात मृदा परीक्षणासाठी उपलब्ध पालाशाचे सहा स्तर प्रचलित आहेत. हेक्टरी १२० किलोपर्यंत अत्यंत कमी, १२१ ते १८० कमी, १८१ ते २४० मध्यम, २४१ ते ३०० थोडे जास्त, ३०१ ते ३६० जास्त आणि ३६० पेक्षा अधिक असल्यास अत्यंत जास्त, असे हे स्तर होत. प्रयोगशाळेत मातीचे मोजमाप दर किलोस मिलिग्रॅममध्ये होते. हेक्टरी किलो काढण्यासाठी या आकड्यास २.२४ ने गुणले जाते. या गुणकामागे एक गृहीतक आहे : एक हेक्टर क्षेत्रात १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत सुमारे २२ लाख ४० हजार किलो माती असते. नांगरलेल्या शेतासाठी हे गृहीतक योग्य आहे. उतारावरील वनमृदेसाठी ते बहुधा चुकीचे ठरते.

समजा, उतारावरील व पायथ्याच्या अशा दोन्ही नमुन्यांत पोटॅशियम दर किलोस १५० मिलिग्रॅम आढळले. दोन्ही अहवालांत हेक्टरी ३३६ किलो, म्हणजे ‘जास्त’ अशीच नोंद होईल. आता प्रत्यक्ष स्थिती विचारात घेऊ. उतारावर मातीची खोली १० सेंटिमीटर असून तिच्या आकारमानाचा निम्मा भाग दगडगोट्यांचा आहे. परीक्षणापूर्वी नमुना दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळला जातो. त्यामुळे दगडांचा हिशेब अहवालात येतच नाही. बारीक मातीची घनता दर घनमीटरला १,३०० किलो धरल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

तक्ता क्र. १ : समान परीक्षण आकडा, भिन्न साठा (उदाहरणादाखल)

| बाब | उतारावरील उथळ मृदा | पायथ्याची खोल मृदा |
|---|---|---|
| परीक्षणातील पोटॅशियम (मि.ग्रॅ./कि.ग्रॅ.) | १५० | १५० |
| अहवालातील नोंद (कि.ग्रॅ./हे.) | ३३६ | ३३६ |
| मातीची खोली (सें.मी.) | १० | १०० |
| दगडगोट्यांचा वाटा (आकारमानाने) | ५० टक्के | नगण्य |
| बारीक मातीचे वजन (कि.ग्रॅ./हे.) | ६,५०,००० | १,३०,००,००० |
| प्रत्यक्ष साठा (कि.ग्रॅ./हे.) | ९७.५ | १,९५० |

अहवाल एकसारखे असतानाही प्रत्यक्ष साठ्यात वीसपटींचा फरक पडतो. उतारावरील झाडाची मुळे मुरमाच्या भेगांत शिरून काही पोटॅशियम मिळवतात, हे खरे आहे. परंतु ‘जास्त’ या नोंदीवर विसंबून तेथे वारंवार तोडणीचे वन उभे करणे धोक्याचे आहे.

याच्या उलट बाजूची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. खोल काळ्या मृदेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन मोठ्या प्रमाणात असून ते मुळांकडून होणाऱ्या शोषणात पोटॅशियमशी स्पर्धा करतात. दर किलोस १५० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ०.३८ सेंटिमोल पोटॅशियम होय. मृदेची धन आयन विनिमय क्षमता ५० सेंटिमोल असल्यास त्यात पोटॅशियमचा वाटा ०.८ टक्क्यांहूनही कमी भरतो; क्षमता १५ असल्यास तोच वाटा सुमारे अडीच टक्के होतो. पोटॅशियमचा हा वाटा साधारणतः दोन ते पाच टक्के असावा, असे ढोबळ मार्गदर्शक प्रमाण मानले जाते. म्हणून भारी काळ्या जमिनीत मोठा आकडाही कधीकधी पुरेसा नसतो, आणि हलक्या जमिनीत मध्यम आकडाही समाधानकारक असू शकतो. मात्र तेथे साठा लवकर संपतो.

७. आवक-जावकेचा ताळेबंद

वनातील पालाशाची आवक दोन मार्गांनी होते : खडकाचे विदारण आणि पाऊस व धूळ. बेसाल्टमध्ये पोटॅशियम कमी असल्याने पहिला मार्ग मंद आहे. दुसऱ्या मार्गाने वर्षाकाठी हेक्टरी फक्त काही किलो मिळतात. जावक मात्र अनेक मार्गांनी होते.

(अ) लाकूडतोड : समजा, साठ वर्षांच्या सागवनातून हेक्टरी १०० टन शुष्क लाकूड बाहेर गेले व त्यात ०.१५ टक्के पोटॅशियम होते. एकूण जावक १५० किलो, म्हणजे वर्षाला अडीच किलो झाली. दीर्घ मुदतीच्या वनात केवळ खोड नेल्याने होणारी हानी अशी तुलनेने सौम्य असते.

(आ) पाला व जळण : समजा, त्याच वनातून दरवर्षी दोन टन वाळलेला पाला व काटक्या नेल्या जातात आणि त्यांत अर्धा टक्का पोटॅशियम आहे. ही जावक वर्षाला १० किलो व साठ वर्षांत ६०० किलो होते. म्हणजे डोळ्यांत भरणाऱ्या तोडणीपेक्षा न दिसणारी मोळी मातीस अधिक महाग पडते. मोळी नेणाऱ्या कुटुंबांस त्याबद्दल दोष देणे हा येथे हेतू नाही. जळणाचा प्रश्न सुटल्याखेरीज हा ताळेबंद सुधारणार नाही, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

(इ) वणवा : पृष्ठभागावरील साध्या वणव्यात नत्र वायुरूपाने उडून जाते, पोटॅशियमचा बराचसा भाग राखेत शिल्लक राहतो. परंतु राखेतील पोटॅशियम पाण्यात अत्यंत विद्राव्य असते. फाल्गुन-वैशाखात वणवा लागून मृगाच्या पहिल्या जोरदार सरी उघड्या उतारावर पडल्या, की राख ओहोळात जाते. सपाट जमिनीवर खत ठरणारी राख उतारावर नुकसान ठरते ती अशी.

(ई) धूप : एक हेक्टरवरील एक मिलिमीटर माती म्हणजे सुमारे १३ टन. तिच्यासमवेत विनिमयक्षम पोटॅशियम केवळ दोन किलो जाते. परंतु मातीतील एकूण पोटॅशियम ०.४ टक्के धरल्यास राखीव साठ्यातील सुमारे ५० किलो कायमचे जातात.

वनातील पालाश शेताकडे नेण्याची रीत नाशिक जिल्ह्यास नवी नाही. पश्चिमेकडील इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांत व कोकणात भात-नागलीच्या रोपवाटिकेसाठी ‘राब’ भाजण्याची पद्धत पूर्वापार चालत आली आहे. झाडांच्या फांद्या तोडून, शेण-गवताबरोबर पसरून त्या जाळल्या जातात आणि राखेतील पालाश रोपांना मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राबाचे हक्क व वनसंरक्षण यांवरून मोठा वाद झाला, आणि मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगापुढे तो प्रश्न आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने राब हे खत होते, वन खात्याच्या दृष्टीने ते झाडांचे नुकसान होते. मृदाशास्त्राच्या दृष्टीने ते एका जमिनीतून दुसऱ्या जमिनीत झालेले पालाशाचे स्थलांतर होते.

८. नाशिक जिल्ह्यातील निलगिरीचा अनुभव

चांदवडला लागून असलेल्या निफाड तालुक्यातील कुंदेवाडीचे विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात निलगिरी लागवडीची चळवळ उभी राहिली. उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन करून बल्ल्यांची विक्री संघटित करण्याचा हा प्रयत्न राज्यात व बाहेरही अभ्यासाचा विषय ठरला. दशकाच्या अखेरीस देशाच्या अनेक भागांत निलगिरीचे भाव कोसळले व शेतकऱ्यांचा उत्साह ओसरला. त्या काळातील निलगिरीविषयक वाद प्रामुख्याने पाण्याभोवती फिरला. पालाशाचा प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

निलगिरीची तोडणी साधारणतः पाच ते आठ वर्षांनी होते व खुंटापासून पुन्हा फुटवे घेतले जातात. कोवळ्या झाडात रसकाष्ठाचा वाटा अधिक असतो, आणि रसकाष्ठात पोटॅशियमही अधिक असते. समजा, सात वर्षांच्या लागवडीतून हेक्टरी ६० टन शुष्क पदार्थ मिळाला. त्यात ०.२ टक्के पोटॅशियम असलेले ५० टन लाकूड, ०.५ टक्के असलेली ५ टन साल आणि ०.८ टक्के असलेला ५ टन पाला-फांद्या आहेत. यांतील पोटॅशियम अनुक्रमे १००, २५ व ४० किलो, म्हणजे एकूण १६५ किलो भरते. सर्वच बाहेर नेल्यास जावक वर्षाला सुमारे २४ किलो होते, म्हणजे उपरोक्त सागाच्या खोडतोडीच्या नऊ-दहा पट.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, साल, पाला व शेंडे जागेवरच ठेवल्यास वजनाचा केवळ एक षष्ठांश भाग सोडावा लागतो, परंतु पोटॅशियमचा सुमारे ३९ टक्के भाग वाचतो. दुसरी अशी की, खोल काळ्या जमिनीतील १,९५० किलोंच्या साठ्यास ही जावक काही फेऱ्या पेलता येते; उतारावरील ९७.५ किलोंच्या साठ्यास एका फेरीची जावकही राखीव रूपांच्या आधाराखेरीज पेलणारी नाही. निफाडच्या शेतावर यशस्वी झालेले झाड चांदवडच्या डोंगरावर लावताना हा फरक दृष्टिआड होता कामा नये.

९. अन्य देशांतील अनुभव

औद्योगिक खतांपूर्वी जगास पालाश मिळत असे ते वनांतूनच. लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी लोखंडी भांड्यांत आटवले जाई. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी अशा क्षारापासूनच पोटॅशियम हे मूलद्रव्य वेगळे केले. जर्मनीतील स्टासफुर्ट येथे १८६१ मध्ये खाणीतील क्षारांपासून पालाश तयार होऊ लागल्यावर वनांवरील हा भार कमी होत गेला. पाचोळा वर्षानुवर्षे उचलल्याने वनांची वाढ खुंटते, हे जर्मनीतील एबरमायर यांनी १८७६ मधील आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले होते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील पॅक वनात, सोडून दिलेल्या वाळूमय शेतजमिनीवर लावलेले पाइन वृक्ष पिवळे पडून खुंटले होते. हायबर्ग व व्हाइट यांनी १९५१ मध्ये हे पोटॅशियमच्या कमतरतेमुळे घडल्याचे दाखवून दिले. खत दिल्यावर झाडे सुधारली, आणि वनातील अंतर्गत चक्रामुळे त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकला. न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक येथे १९६५ मध्ये एका पाणलोटातील सर्व झाडे तोडून पुनर्वाढ रोखण्यात आली, तेव्हा ओढ्यावाटे जाणाऱ्या पोटॅशियमचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. उभे वन आणि त्याखालील वाढ हेच पालाशाचे धरण आहे, हा त्याचा अर्थ.

ब्राझीलमधील इटाटिंगा येथील निलगिरीवरील प्रयोग आपल्याकडील कोरड्या भागास विशेष बोधप्रद आहेत. तेथे पोटॅशियम दिल्याने उत्पादन लक्षणीय वाढले. परंतु पर्णसंभार वाढल्याने झाडांचा पाण्याचा वापरही वाढला. तेथील माती अतिशय खोल आहे. उथळ मातीत व अल्प पावसात असे खत झाडास अवर्षणापुढे अधिक दुबळे करण्याचा संभव आहे. म्हणजे पालाशाची कमतरता हा जसा दोष, तसा पाण्याच्या मर्यादेपलीकडे वाढीस उत्तेजन देणारा पुरवठा हाही दोषच.

१०. चांदवड परिसरासाठी सूचना

उपरोक्त विवेचनावरून ‘निरोगी पातळी’ हा एक आकडा नसून पुढील चार प्रश्नांच्या उत्तरांचा समुच्चय आहे, असे म्हणता येईल : मुळांच्या कक्षेत हेक्टरी प्रत्यक्ष साठा किती, विनिमय क्षमतेत पोटॅशियमचा वाटा किती, राखीव साठा किती, आणि दरवर्षीची जावक आवकेपेक्षा अधिक आहे काय. त्या दृष्टीने पुढील सूचना करता येतील.

१. मातीचा नमुना घेण्यापूर्वी खड्डा खणून मातीची खोली मोजावी. नमुना चाळल्यावर राहिलेल्या दगडगोट्यांचे वजन टाकून न देता नोंदवावे. २.२४ हा गुणक वनमृदेस लावू नये.

२. काळ्या मातीत ओल्या-कोरड्या स्थितीनुसार विनिमयक्षम पोटॅशियम बदलते. म्हणून नमुने दरवर्षी एकाच हंगामात घ्यावेत.

३. अमोनियम ॲसिटेट पद्धतीस उकळत्या नायट्रिक आम्लाच्या पद्धतीची जोड द्यावी, म्हणजे स्थिर पोटॅशियमचाही अंदाज येईल.

४. पूर्ण वाढलेल्या पानांचे पृथक्करण ठरावीक महिन्यात करावे. माती काय देऊ शकते हे मृदा परीक्षण सांगते. झाडास काय मिळाले हे पान सांगते.

५. समतल चर व खड्डे खणताना वरची काळसर माती वेगळी ठेवून ती रोपाच्या मुळाशी परत घालावी. बहुधा ती मुरमाखाली गाडली जाते आणि रोप मुरमात उभे राहते.

६. तोडणीत साल, पाला व शेंडे जागेवर सोडून उतारास आडवे पसरावेत. जाळरेषा वेळेवर काढाव्यात. चराईबंदी व कुऱ्हाडबंदीबरोबर जळणाची पर्यायी सोय करावी.

७. सरसकट पालाशयुक्त खत देऊ नये. भारतास पोटॅशयुक्त खतासाठी जवळजवळ पूर्णतः आयातीवर अवलंबून राहावे लागते. एका ओळीस खत व शेजारच्या ओळीस काहीही न देता दोन-तीन वर्षे वाढ मोजावी व मगच निर्णय घ्यावा. चुलीची राख हा स्थानिक पर्याय असला तरी ती अल्कधर्मी असल्याने चुनखडीयुक्त जमिनीत तिचा वापर बेताने करावा.

यांपैकी बहुतेक मोजमापे महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. खड्ड्याची खोली व उताराची नोंद भूगोल विभाग, मृदा व पानांचे पृथक्करण रसायनशास्त्र विभाग, प्रजातींची वाढ वनस्पतिशास्त्र विभाग, तर जळणाच्या वापराचे कुटुंबनिहाय सर्वेक्षण अर्थशास्त्र विभाग करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात लावलेली झाडे किती जगली, यासमवेत ती कोणत्या मातीत लावली होती याची नोंद राहिली, तर पुढील शिबिराचे श्रम अधिक सार्थकी लागतील.

११. निष्कर्ष

१. बेसाल्ट खडक पोटॅशियमच्या बाबतीत मूलतः गरीब असून काळ्या जमिनीची पालाश-समृद्धी ही चिकणमातीच्या साठवणक्षमतेमुळे आहे. माती गेली की ही समृद्धीही जाते.

२. शेतीसाठी ठरविलेले पालाशाचे स्तर उथळ व दगडयुक्त वनमृदेस थेट लावल्यास साठ्याचा अंदाज कित्येक पटींनी फुगतो.

३. दीर्घ मुदतीच्या वनात खोडतोडीपेक्षा पाला-जळणाची नियमित जावक व धूप अधिक हानिकारक ठरू शकते. अल्प मुदतीच्या वनात साल व पाला जागेवर ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

४. चांदवडच्या उतारावर पालाशाचे आरोग्य राखणे म्हणजे प्रथम माती जागेवर राखणे होय. खताचा विचार त्यानंतरचा आहे, आणि तोही पाण्याच्या मर्यादेत राहूनच करावयास हवा.